मामांचा पेंट परत आणला, त्याची गोष्ट

मंगाई देवीची यात्रा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, पाऊस नुसता धो धो, आणि रात्री साडेनऊला वडगावच्या मामांचा फोन. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, ते रात्रीचं सहसा फोन करत नाहीत त्यामुळं आईच आधी घाबरली. मी फोन घेतला तर म्हणाले, "बाळ, कॉम्प्युटरातला पेंट गेला रे. काल सकाळी होता, आता कुठंच दिसंना झालाय. रविवारी येतोस काय? अक्काला पण घेऊन ये."

दुसऱ्या कुणाला वाटेल पेंट गेला तर एवढं काय, लहान पोरं झाड आणि घर काढतात तो प्रोग्राम. खरं मामांचं पोट त्याच्यावर आहे. हे आधी नीट सांगतो, नाहीतर पुढची सगळी खटपट कशासाठी केली ते कळायचं नाही.

आमच्या बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळा विणकरांचा पट्टा, गल्लीत शिरलं की मागांची खटखट ऐकू येते, लाईट गेली की एकदम शांत होतं आणि ती शांतता माणसाला नको वाटते. मामांच्या घरी पूर्वी चार माग होते, आता दोन आहेत, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं ते स्वतःच्या मागांबरोबर दुसऱ्या मागवाल्यांना पण साडीच्या काठाची आणि बुट्ट्यांची, म्हणजे साडीवरच्या छोट्या नक्ष्यांची, डिझाईनं काढून देतात. आधी ते हे काम आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं करायचे, मी लहानपणी बघितलंय, चौकोन चौकोन भरत बसायचे, एक चुकला की खोडरबर, आणि दोनदा खोडलं की कागद फाटायचा.

जॅकार्ड ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागाच्या वरती ते जॅकार्ड बसवलेलं असतं, त्याला हुक असतात, मामांच्याकडं २४० हुकांचं आहे. हुकाला उभे धागे बांधलेले. पुठ्ठ्याच्या कार्डाला जिथं भोक तिथला हुक उचलतो, जिथं भोक नाही तिथला खालीच राहतो, आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. मग बुट्टीची उंची १६० धागे असेल तर १६० कार्डं, सगळी एकापुढं एक ओवून माळ करायची. म्हणजे डिझाईन हा शेवटी चौकटींचा हिशेबच झाला, भरलेली चौकट म्हणजे भोक, रिकामी म्हणजे नाही.

आणि पेंट म्हणजे दुसरं काय आहे? चौकटीच की. इमेज मेनूत ॲट्रिब्यूट्स मधे जाऊन रुंदी २४० आणि उंची १६० पिक्सेल टाकली की मामांचा आलेखाचा कागद तयार. भिंगानं ८ पट मोठं करायचं, कंट्रोल जी दाबलं की जाळी येते, आणि पेन्सिल घेऊन एक एक ठिपका भरत जायचं. एक ठिपका एक हुक. काठाची एकच बाजू काढायची, मग सिलेक्ट करून कॉपी आणि फ्लिप हॉरिझॉन्टल, दुसरी बाजू आपोआप आली. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, बघत बघत त्यांनीच शोधलं. एक गोष्ट तर मलाच त्यांनी शिकवली, विंडोज एक्सपीच्या पेंटात भिंग घेतलं की खाली १, २, ६ आणि ८ पट एवढेच आकडे दिसतात, खरं ८ च्या अगदी खालच्या कडेवर क्लिक केलं की १० पट होतं. कुठंही लिहिलेलं नाही तिथं. मामांचे डोळे आता साठीला आले, त्यांना ते १० पटच लागतं.

तर असा हा पेंट. मामांचा कॉम्प्युटर २००६ साली घेतलेला, कंपनीचा, सोबत विंडोज एक्सपीची सीडी आलेली. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला हे मामांना माहिती आहे, मीच सांगितलेलं, त्या दिवसापासून त्या मशीनला नेट लावायचं नाही असं ठरलं आणि त्यांनी ते पाळलंय. मग व्हायरस आला कुठून, तर पेनड्राईव्हमधून. डिझाईन तयार झालं की पेनड्राईव्हवर घालून पंचिंगवाल्याकडं द्यायचं, तो त्याच्या मशीनवर कार्डं पाडून देतो. तो पेनड्राईव्ह दहा ठिकाणी फिरून येतो. या वेळी तो परत आला तेव्हा त्यात एक्झी फायलींना, म्हणजे प्रोग्रामच्या फायलींना, चिकटणारा व्हायरस होता. त्यातला वाईट भाग असा की असा व्हायरस वेगळी फाईल म्हणून बसत नाही, आपल्याच चांगल्या प्रोग्रामच्या फायलीत स्वतःचा कोड घुसवतो. मामांच्या मशीनमधला जुना अँटीव्हायरस जागा झाला, त्याला काही फायली साफ करता आल्या, ज्या आल्या नाहीत त्या त्यानं सरळ काढून टाकल्या. त्यात पेंट गेला आणि कॅल्क्युलेटर गेला.

रविवारी खानापूरहून सकाळच्या बसनं आई आणि मी निघालो, बेळगावच्या सीबीटी बसस्टँडला उतरून रिक्षानं वडगाव. मामींनी चहा ठेवायच्या आत मामा मला कॉम्प्युटरपुढं घेऊन गेले. त्यांचा चेहराच सांगत होता. इचलकरंजीच्या एका पार्टीचं काम होतं हातात, मोराची बुट्टी, अर्धी झालेली, आणि तीन दिवस हात रिकामे.

पहिलं काम मी हे केलं आणि कुणालाही हेच करायला सांगीन, की नक्की गेलंय काय ते बघायचं. पुष्कळ वेळा प्रोग्राम जागेवर असतो आणि फक्त स्टार्ट मेनूतला शॉर्टकट उडालेला असतो, घर तिथंच आहे आणि दारावरची पाटी गेली असं. त्यासाठी स्टार्ट, रन, आणि तिथं एमएसपेंट असं इंग्रजीत सलग टाईप करायचं. उघडला तर फक्त शॉर्टकट नवीन करून द्यायचा, पाच मिनिटांचं काम. मामांच्याकडं नाही उघडला, विंडोजला ही फाईल सापडत नाही असा मेसेज आला. मग सी ड्राईव्ह, विंडोज, सिस्टम३२ या फोल्डरमधे जाऊन बघितलं, खरंच फाईल नव्हती. म्हणजे घरच गेलेलं.

मामांनी आधी विचारलं ते डिझाईनांचं. ती सगळी होती. बीएमपी, म्हणजे पेंटमधे सेव्ह केलेल्या चित्रांच्या फायलींना त्या व्हायरसनं हात लावलेला नव्हता. गोमी, परास, रुईफूल, कमळ, मोर, अशी नावं दिलेल्या दोनशेच्या वर फायली, गोमी आणि परास हे इलकल साडीच्या काठाचे प्रकार, तिकडच्या पार्ट्या मागतात म्हणून काढलेले. मी त्या सगळ्या आधी कोऱ्या सीडीवर घ्यायला गेलो आणि तिथं कळलं की सीडी ड्राईव्हच मेलाय. ट्रे बाहेर येतो, आत जातो, आणि सीडी फिरतच नाही. एवढ्या वर्षांचा ड्राईव्ह आणि मागाच्या खोलीतली धूळ, धाग्याचा कोंडा, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता एक्सपीत गेलेला पेंट परत घ्यायचा सरळ रस्ता असा आहे, कंट्रोल पॅनल, ॲड ऑर रिमूव्ह प्रोग्राम्स, डाव्या बाजूला ॲड रिमूव्ह विंडोज कंपोनंट्स, त्यात ॲक्सेसरीज अँड युटिलिटीज, त्याच्या आत ॲक्सेसरीज, आणि तिथं पेंट. गंमत म्हणजे मामांच्याकडं तिथं पेंटपुढं टिक होतीच, फाईल नसताना. त्या यादीला एवढंच आठवतं की हा प्रोग्राम बसवलेला आहे, फाईल खरंच जागेवर आहे का ते ती बघत नाही. म्हणून आधी टिक काढायची, नेक्स्ट, पूर्ण होऊ द्यायचं, मग परत त्याच ठिकाणी येऊन टिक करायची, नेक्स्ट. तेव्हा ती विंडोजची सीडी मागते. सीडी असेल आणि ड्राईव्ह चालत असेल तर इथंच काम संपतं.

सीडी होती. मामींनी ती लग्नातल्या शालूच्या डब्यात ठेवलेली, कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून, पाकिटासकट, एक ओरखडा नाही. मामी म्हणाल्या, "एवढ्या पैशाची वस्तू, तिचं जे जे आलं ते जपून ठेवायला नको व्हय?" मला त्या क्षणी मामींचं किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. मामांना गल्लीतल्या दोघांनी आधीच सांगितलेलं की नेटवरून पेंटची फाईल डाऊनलोड करून पेनड्राईव्हवर आणून टाका. हे अजिबात करू नका. अशा सुट्या एक्झी फायली देणाऱ्या साईट पुष्कळ आहेत आणि त्या फायलीत काय भरलंय ते देणाऱ्यालाच ठाऊक. व्हायरसनं गेलेली फाईल परत आणायला दुसरा व्हायरस घरात घ्यायचा, असला प्रकार. आपल्या मशीनसोबत आलेल्या सीडीत ती फाईल आहे, स्वच्छ आहे, आपल्या हक्काची आहे.

नवीन घ्या की आता, हे पण मामांना बरेच जण म्हणाले. नवीन मशीनमधल्या पेंटातपण जाळी येते, मी खोटं कशाला सांगू. खरं त्या माणसाचा हात या पेंटावर बसलाय, हे मशीन त्यांना हव्या त्या एकाच कामाला पुरतंय, आणि माग बंद पडला म्हणून कुणी माग टाकून देत नाही, बिघडलेला भाग बदलतो. मामा स्वतः तेच म्हणाले, "नको रे नवीन. हे चालतंय की."

मग मी त्या दिवशी सीडी आणि मशीनची हार्डडिस्क दोन्ही घेऊन निघालो. हार्डडिस्क कशाला, तर आधी मशीन स्वच्छ व्हायला पाहिजे. व्हायरस आत जिवंत असताना नवीन पेंट टाकला तर तासाभरात तो पण बाधणार. आणि आजारी मशीनला स्वतःलाच स्वतःची तपासणी करायला लावण्यात फारसा अर्थ नसतो. ओळखीच्या एका दुकानात ती हार्डडिस्क दुसऱ्या चांगल्या मशीनला जादाची म्हणून जोडली, त्या मशीनमधल्या ताज्या अँटीव्हायरसनं पूर्ण स्कॅन केली, परत एकदा केली, दुसऱ्यांदा काही निघालं नाही तेव्हा सोडली. डिझाईनांची कॉपी तिथंच दोन ठिकाणी घेतली. आणि त्याच दुकानात सीडीवरचं आय३८६ नावाचं फोल्डर एका कोऱ्या पेनड्राईव्हवर घेतलं.

हे आय३८६ फोल्डर म्हणजे एक्सपीचं कोठार. विंडोजसोबत येणारे बहुतेक प्रोग्राम त्यात असतात, खरं दाबून बारीक केलेले. ओळखायची खूण म्हणजे नावाचं शेवटचं अक्षर गेलेलं असतं आणि त्या जागी खालची रेघ असते, अंडरस्कोर. एमएसपेंट डॉट ईएक्स आणि पुढं ई च्या जागी अंडरस्कोर. बरेच जण ती फाईल कॉपी करतात, नाव बदलून शेवटी ई लिहितात आणि मग चालत नाही म्हणून बसतात. ती चालणार नाहीच, कारण नाव बदललं म्हणून आतली घडी उलगडत नाही. ती उलगडायला एक्सपीतच एक हुकूम आहे, एक्सपांड.

पुढच्या रविवारी परत वडगाव, या वेळी मी एकटाच. हार्डडिस्क जोडली, मशीन चालू केलं, काळी कमांडची खिडकी उघडली आणि एका ओळीत लिहिलं: एक्सपांड, स्पेस, पेनड्राईव्हवरच्या त्या अंडरस्कोरवाल्या फाईलचा पूर्ण पत्ता, स्पेस, आणि जिथं जायचंय तो पत्ता शेवटी पूर्ण नावासकट, म्हणजे एमएसपेंट डॉट ईएक्सई. दोन पत्त्यांच्या मधे स्पेस विसरायची नाही, आणि पत्त्यातली रेघ ही बॅकस्लॅश, उलटी रेघ.

खरं मी ते दोनदा केलं, दोन वेगळ्या जागी, त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. एक्सपीत डीएलएलकॅश नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं, सिस्टम३२ च्याच आत. विंडोज आपल्या महत्त्वाच्या फायलींची एक एक प्रत त्यात झाकून ठेवतं. चांगल्या चालत्या एक्सपीत तुम्ही पेंटची फाईल मुद्दाम डिलीट करून बघा, थोड्या वेळात ती परत आलेली दिसेल, ती तिथूनच येते. मामांच्याकडं ती आपोआप परत का आली नाही, तर व्हायरस त्या झाकलेल्या प्रतीलापण चिकटलेला आणि अँटीव्हायरसनं ती पण उचललेली. म्हणून आधी डीएलएलकॅशमधे एक स्वच्छ प्रत सोडली, मग सिस्टम३२ मधे. ते फोल्डर दिसत नसेल तर फोल्डर ऑप्शन्समधे जाऊन लपवलेल्या फायली दाखवा हे निवडायचं आणि सिस्टमच्या फायली लपवा असं जे असतं त्याची टिक काढायची, काम झालं की आठवणीनं परत लावायची.

कुणी म्हणेल एसएफसी स्कॅननाऊ का नाही चालवलं. तो हुकूम सगळ्या सिस्टम फायली तपासतो आणि नसलेल्या सीडीवरून आणतो, चांगला आहे. खरं सर्व्हिस पॅक म्हणजे मायक्रोसॉफ्टनं नंतर काढलेल्या सुधारणांचा संच, मामांची सीडी सर्व्हिस पॅक २ ची आणि मशीनवर नंतर सर्व्हिस पॅक ३ बसवलेला, अशा वेळी तो सर्व्हिस पॅक ३ ची सीडी मागत बसतो, आणि ड्राईव्ह बंद असल्यावर तर प्रत्येक फाईलला अडतो. आम्हाला दोनच फायली पाहिजे होत्या.

या सर्व्हिस पॅकवरून एक धोका मात्र लक्षात ठेवा. सीडीतला पेंट हा जुना पेंट. फेब्रुवारी २०१० मधे मायक्रोसॉफ्टनं पेंटसाठीच एक सुरक्षेचा अपडेट काढलेला, मुद्दाम बिघडवलेली जेपेग फाईल त्यात उघडली तर मशीन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतं असं भोक त्यात होतं. सीडीवरून परत आणलेल्या पेंटात ते भोक परत आलेलं असतं. मामांच्या मशीनला नेट नाही आणि ते स्वतःच्या बीएमपी सोडून काही उघडत नाहीत, म्हणून मी तसंच ठेवलं, खरं त्यांना बजावून सांगितलं की बाहेरून कुणी फोटो आणून दिला तर या मशीनवर उघडायचा नाही.

जेपेग तसंही त्यांच्या कामाचं नाही म्हणा. जेपेग फाईल लहान करताना कडेच्या ठिपक्यांत फिकट-गडद भेसळ करतं, आपल्या डोळ्याला कळतपण नाही, खरं पंचिंगला भोक आहे की नाही एवढंच उत्तर चालतं, अर्धं भोक नसतं. एक ठिपका इकडचा तिकडं झाला की साडीभर प्रत्येक बुट्टीत तोच धागा चुकीचा उचलणार. म्हणून मामा काम चालू असताना सोळा रंगांच्या बीएमपीत ठेवतात आणि पंचिंगला देताना मोनोक्रोम, म्हणजे नुसती काळी-पांढरी, बीएमपी करून देतात, नेहमी वेगळ्या नावानं, कारण त्याच नावानं केलं तर रंग गेले ते गेले.

तर, एंटर दाबलं. फाईल उलगडल्याची ओळ आली. रनमधे जाऊन एमएसपेंट लिहिलं आणि तो पांढरा कागद उघडला, डाव्या बाजूला हत्यारांची दोन रांगांची पेटी, खाली रंगांची पट्टी. मामा माझ्या मागं उभे होते, ते काही बोलले नाहीत, फक्त त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता तो जरा घट्ट झाला. आतून मामी विचारत होत्या, "आला काय?"

मग राहिलेली बारीकसारीक कामं. स्टार्ट मेनूत ॲक्सेसरीजमधे शॉर्टकट करून दिला, एक डेस्कटॉपवर दिला. बीएमपी फाईलवर डबल क्लिक केलं की फोटो बघायची खिडकी उघडत होती, तर राईट क्लिक, ओपन विथ, पेंट निवडून खालची कायम हाच वापरा ही टिक केली. कॅल्क्युलेटर पण तसाच आणला, कॅल्क डॉट ईएक्स अंडरस्कोर, त्याला दोन मिनिटं लागली, तो मामींना पाहिजे होता, कांड्या भरणाऱ्या बायकांच्या मजुरीचा हिशेब त्याच्यावर करतात. आय३८६ चं फोल्डर मशीनच्या दुसऱ्या ड्राईव्हवर ठेवून दिलं, पुढं कधी काही गेलं तर सीडी ड्राईव्हवाचून चालेल. आणि पेनड्राईव्ह लावल्या लावल्या आपोआप काही चालू होणं, ते ऑटोरन, बंद केलं. हे आधीच करायला पाहिजे होतं.

मामा खुर्चीवर बसले आणि मोराची फाईल उघडली. भिंग घेतलं, ८ च्या खालच्या कडेला क्लिक, १० पट, कंट्रोल जी. मोराची मान झालेली होती, पिसारा राहिलेला. त्यांनी बोटानं स्क्रीनवर ओळी मोजल्या, खालून वर, पुटपुटत, आणि जिथं सोडलेलं तिथंच थांबले. या पेंटात चुकलं तर फक्त तीनदा मागं जाता येतं, चौथी चूक परत येत नाही, म्हणून ते एक ओळ पूर्ण झाली की सेव्ह करतात, दर ओळीला. मी तासभर बघत बसलो होतो. बाहेर पाऊस, शेजारच्या घरातला माग चालू, आणि इथं माऊसची टिक टिक.

निघताना मामांनी दोन पेनड्राईव्ह दाखवले. एकाला त्यांनी तांबडा रेशमी धागा बांधला होता, दुसऱ्याला पांढरा सुती. तांबड्यात सगळी डिझाईनं आणि आय३८६, तो मामींच्या शालूच्या डब्यात सीडीजवळ राहणार, घराबाहेर जायचा नाही. पांढरा पंचिंगला जाणार, आणि परत आला की त्यातलं काही न उघडता आधी पूर्ण फॉरमॅट करायचा, मग पुढचं डिझाईन घालायचं. फॉरमॅट कुठून करायचं ते त्यांनी माझ्याकडून वहीत लिहून घेतलं, मराठीत, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, पांढराच, तांबडा नाही.